धोंड्याच्या वाणात बंदूक

धोंड्याच्या महिन्यात जावयाले कोणी नाही म्हणते काय? मी म्हटलं!

रानडुकरांसाठी माह्या नावावर परवान्याची बंदूक हाये. आता मले शेतात रातची जागली होत नाही, म्हणून विकाले काढली. हे आमच्या रिठदच्या जावयानं ऐकलं. वाणाचं अनारशाचं ताट पुढं केलं, तं हात मागं घेऊन म्हणतात, "मामाजी, यंदा बंदूकच द्या."

"तुमचा परवाना आला काय?"

"अर्ज केला ना. येऊनच राह्यला."

"आला म्हंजे दाखवा. मंग कलेक्टर हापिसातून परवानगी काढू, मंगच बंदूक हातात."

"घरातल्या घरात कायचे कागद? मी परका हावो काय?"

बायको मले डोळे वटारून पाहे, पोरगी रडाले आली. मी उठलो, बंदूक कपाटात कुलपात टाकली अन् किल्ली करदोड्याले बांधली.

"जावईबापू, तुमचा सातबारा पाह्यला, चार गावांत चौकशी केली, तवा पोरगी देल्ली. मंग बंदूक काहून तशीच देऊ?"

पोरगी रडता रडता हासली. जावयानं गुमान अनारसा उचलला.

"मामाजी, परवानगीले फोटो किती लागतात?"