साठ वर्षांचं वार्निश

...आता खजूरच तो, त्यात एवढं काय, असं तुमी म्हणाल! मीही तेच म्हणलं असतं. पण तुमाले सांगतो, ज्याच्या हातात खजूर होता तो माहा सासरा, ज्याच्या तोंडात जाणार होता तो माहा पोरगा, न् मधात मी उभा... आणि तोंडातून शब्द निघंल तर शपथ!

आमच्यात रीत हाये. लेकरू झालं का घरातल्या मोठ्यानं खजूर चावायचा, मऊ लगदा करायचा, न् बोटानं जराकसा लेकराच्या टाळूले आतून लावायचा. घुट्टी म्हणतो आमी. रीत चांगलीच हाये, मलेही कोणी लावलीच असंन. पण आमचं लेकरू आलं दिवस भरायच्या आधी! मुठीएवढं! पहिलं बाळंतपण म्हणून बायको, कहकशाँ, माहेरी अमरावतीले. मी तिकडे बार्शीटाकळीले पंपाच्या जळालेल्या मोटरी वाइंडिंग करून राहिलो... करून कसला राहिलो, त्या दुष्काळी सालात विहिरीले पाणीच नाही, तर मोटर चालंल कुठं न् जळंल कशानं? फोन आला तसा यष्टीत बसलो. पोरगा दवाखान्यात, काचेच्या पेटीत. नाकात नळी. मी काचेले नाक लावून.

मंग एकदाचा तो पेटीतून आईच्या कुशीत आला, न् रागिणी मॅडम, तिथल्या डॉक्टरीणबाई, मले बाजूले घेऊन म्हणाल्या, "शाकीबभाऊ, नीट ऐका. मोठ्या माणसाच्या लाळेत प्रतिपिंडं असतात, ती जंतूंना चिकटू देत नाहीत. तान्ह्याच्या लाळेत ती जवळजवळ नसतातच. काही आठवड्यांनी थोडी येतात, मग मूल रांगतं, माती खातं, शाळेत जातं, तशी वाढत जातात. मिसरूड फुटेपर्यंत कुठे पुरती भरतात. तोवर आईच्या दुधाचाच आधार. कोणाचं उष्टं तोंडात जाऊ देऊ नका. घरच्यांना तुम्ही सांगा."

मी सातवीतून शाळा सोडली, पण हे मले पक्कं समजलं. मोटरीत तांब्याच्या तारेची नवी कॉइल भरली का उघडी असते, तिच्यावर वार्निशचा हात चढवा लागते, सुकू द्या, अजून एक हात. घाई करून ओली असतानीच करंट दिला का धूर! पोरगा म्हणजे बिनवार्निशची कॉइल. समजलं. पण "तुम्ही सांगा"? मी? मी तर मजुरीही मोटरकडे पाहून सांगतो, गिऱ्हाइकाकडे नाही!

तेवढ्यात आले. गयासुद्दीन. सासरे. बांगड्यांचं दुकान, आवाज असा का वार्डातली सगळी लेकरं एका दमात उठली. खेड्यातल्या बायांनी त्या दुष्काळात बांगड्या भरणं सोडलेलं, दुकानात माशी नाही, वर्षाची सगळी खुशी त्यायनं या एका नातवावर ठेवलेली. आणि नाक? वाहून राहिलं. ओठावर? तापाच्या पुळ्या! खिशातून खजूर काढला.

"दामाद! नवासे को घुट्टी मैं दूँगा!"

कहकशाँ मले चिमटा काढते, "आप बोलो ना जी, अब्बा मेरी नहीं सुनते!"

मी बोललो! खरंच बोललो. म्हणलं, "अब्बा... वो... बच्चे के मुँह में वार्निश नहीं है अभी."

"किसके मुँह में है?"

"बडों के."

झालं! इथंच चुकलो! माणूस असा फुलला म्हणता! "तो मेरा किस दिन काम आएगा? साठ साल का पक्का माल है! दो उँगली ज्यादा ही लगाऊँगा!"

आता सांगा, एका मोटरचं वार्निश खरवडून दुसरीले लागते का कधी? जंतू तेवढे जातीन! पण हे सांगावं कसं? तोंडातून शब्द निघंल तर शपथ!

सासरे चावून राहिले. चवीनं. मधीच खोकतात, पुन्हा चावतात. मी दाराकडे पाहतो, मॅडम नाही. बोट भरलं. वाकले. "बिस्मिल्ला..." आणि आमचे चिरंजीव! दूधच आलं समजून आ करतात! बोट वितीवर... बोट चार अंगुळावर...

मी वाकलो न् सासऱ्याचं बोट तोंडात घेतलं. खजूर, लाळ, अंगठीसकट!

सारा वार्ड माना वळवून पाहून राहिला. बाजूच्या खाटेवरची मैनाबाई तेवढी म्हणाली, "अवो माय! जवायाले येड लागलं!"

सासरे बोटाकडे पाहतात, माह्याकडे पाहतात. "दामाद... ये कौनसी रीत है?"

काय सांगू? तोंड भरलेलं! शब्द निघंल तर शपथ!

मंग मॅडम आल्या, सगळं समजावलं, सासऱ्याले पुळ्या जाईपर्यंत घरी धाडलं. माणूस दोन दिवस रुसला, पण मानला. पोरगा दूध पिते, वजन धरते, अल्लाचं करम.

आणि मी? मोठा माणूस, पक्क्या वार्निशचा! हप्ता नाही झाला तर नाक वाहून राहिलं, खोकला, ओठावर पुळ्या. मॅडमनं मले वार्डाबाहेर काढलं. आता मी खिडकीतून पाहतो, आणि आत सासरे, पुळ्या जाऊन ठणठणीत, नाकातोंडाले धुतलेला रुमाल बांधून, पोराले मांडीवर घेऊन, मलेच ओरडतात,

"दामाद, दूर से देखो! बच्चा नाजूक है!"