पातूरची जागा

(अकोल्याचं बसस्टँड, दुपारचे तीन. नर्स गीतांजलीच्या सत्काराहून निघालेले प्रीतम आणि त्याची बायको रागिणी तेल्हाऱ्याच्या बसची वाट पाहत बाकावर बसले आहेत.)

रागिणी : हळू बोला. लोक पाहून राह्यले.

प्रीतम : पाहू दे. गीतांजली माईक धरून बोलली तवा नाई का ऐकलं लोकायनं? "पातूरची जागा रागिणीताईची होती, त्यायनं सोडली म्हणून मले प्रमोशन भेटलं." अन् मी पयल्या रांगेत बसून टाळ्या वाजवून राह्यलो!

रागिणी : तिले काय माहीत, मी घरी सांगतलं नाई म्हणून.

प्रीतम : मले तर तू म्हणलं, यादीत नावच नाई आलं.

रागिणी : आलं होतं. दुसरा नंबर होता.

प्रीतम : मंग?

रागिणी : मंग काय. लिहून देल्लं. घरगुती अडचणीमुळं पदोन्नती नको.

प्रीतम : कोणती अडचण? पोरगी अमरावतीले होस्टेलवर. आई जाऊन दोन वर्षं झाले. घरात तिसरं मानूस नाई. म्हणजे अडचण मीच ना? बोल ना आता.

रागिणी : तुमाले आठवते, आपलं लग्न झालं तवा मी कंत्राटी नर्स होती? सारा पगार उपकेंद्रात जाण्यायेण्यातच सरे. तुमचा केबलचा धंदा जोरात. अर्ध्या तेल्हाऱ्यावर तुमचे वायर. तुमी म्हणे, तुझे पैसे तुले, घर मी पाहतो.

प्रीतम : पाह्यलं नाई का?

रागिणी : पाह्यलं ना. माझ्या भावाच्या लग्नाचा मांडव तुमी टाकला, बँड तुमी सांगतला. मी परमनंट झाली तवा पेढेबी तुमीच वाटले. दवाखान्यातल्या शिपायालेबी सोडलं नाई.

प्रीतम : तवाबी माझी कमाई जास्तच होती.

रागिणी : हो. म्हणूनच वाटले.

प्रीतम : टोमणा मारू नको.

रागिणी : टोमणा नाई वो. मंग लोकायनं घरावर डिशच्या छत्र्या लावल्या, मंग सारे मोबाईलवरच पाहाले लागले. त्यात तुमचा काय दोष? पण सातवा आयोग लागला, माझा पगार वाढला, अन् त्या महिन्यापासून तुमी माझ्या माहेरी पाय ठेवला नाई. बहिणीच्या पोरीच्या लग्नाले मी एकटी गेली. सांगतलं, यायचा बीपी वाढला.

प्रीतम : तुझा भाऊ चार लोकायत म्हणे, "भाऊजी, आता तुमाले आरामच आराम."

रागिणी : त्यानं सरळ मनानं म्हणलं.

प्रीतम : मले सरळ नाई लागलं. विहारात गेलो तर तिथंबी तेच. नवं पोरगं कोणी विचारे, हे काका कोण? तर म्हणे, सिस्टरचे मिस्टर. वीस वर्षं ज्यायच्या घरी टीव्ही चालवला, ते लोक!

रागिणी : म्हणून तुमी तिथंबी जाणं सोडलं. मंग मले वाटलं, एवढ्या पगारावरच हे असं, तर उद्या मी आरोग्य सहायिका झाली, पातूरले खोली केली, हाताखाली चार पोरी आल्या, तर हे मानूस माझ्यासंग राहीन का?

प्रीतम : म्हणजे कीव केली माझी.

रागिणी : कीव नाई. भेव वाटलं. सकाळी ड्युटीवर जायची, तुमी दाराशी उभे. मी निघाली का पाठ फिरवून आत. दिवसभर जीव लागत नाई मंग माझा. वाटे, संध्याकाळी घरी असान का नाई.

प्रीतम : आता पुढच्या यादीत?

रागिणी : एकदा नाई म्हणलं का काही वर्षं नाव घेत नाई म्हणते. तोवर तर माझी रिटायरमेंटच येते.

प्रीतम : गीतांजली तुझ्यापेक्षा किती लहान हाय?

रागिणी : अकरा वर्षं. तिले सलाईन लावणं मीच शिकवलं.

प्रीतम : अन् आता हुद्द्यानं तुझ्या वरती. रागिणी, मले इतकं लहान समजली तू? मी हसत पाठवलं असतं. तुझी पेटी उचलून पातूरले नेऊन घातली असती.

रागिणी : खरं?

प्रीतम : हो.

रागिणी : माझ्याकडं पाहून सांगा.

प्रीतम : नाई. तोंडानं हो म्हणलं असतं. पेटीबी नेली असती. अन् मंग रोज तुले त्याचा त्रास देल्ला असता.

रागिणी : हं.

प्रीतम : आणखीन एक हाय. तू घरी येऊन म्हणलं, यादीत नाव नाई. मी म्हणलो, लय वाईट झालं. वाईट नोतं वाटलं मले. हलकं वाटलं. कितीक महिन्यानं मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

रागिणी : माहीत हाय. वाढत मीच होती.