ग्रहणापुरता टॉवर

(लॉजची गच्ची. ताई लॉजची मालकीण. तिचा धाकटा भाऊ नेट कंपनीचा शर्ट घालून कंपनीच्या टॉवरचे नट सैल करतोय.)

ताई : थांब म्हणते ना. आधी तो पाना खाली ठेव.

भाऊ : मी ठेवला तर दुसऱ्याला पाठवतील. तो तुझ्या कुंड्याही फोडेल.

ताई : ग्रहण होऊन आठवडासुद्धा झाला नाही. कायमचा टॉवर म्हणाले होते.

भाऊ : तोंडी म्हणाले. खग्रास आपल्या गावावरून जाणार, जगभरचे लोक इथून थेट दाखवणार, म्हणून आले. सावली गेली, हेही चालले.

ताई : अख्ख्या गावाला इतके महिने फुकट नेट दिलं की.

भाऊ : माझा धंदा बसेपर्यंत दिलं.

ताई : टोमणे नकोत.

भाऊ : टोमणा कसला? माझं नेट या गच्चीवरून त्या गच्चीवर जायचं. सगळ्यात उंच गच्ची तुझी. टॉवरसाठी तू माझी सिग्नलची पेटी उतरवलीस आणि टेकडीवरच्या सगळ्या घरांचं नेट गेलं. मग ते लोक कंपनीकडे जाणारच.

ताई : दोन्ही सिग्नल एकमेकांत अडकतात म्हणाले.

भाऊ : मला विचारायचंस. पलीकडच्या गल्लीत तर राहतो.

ताई : तू नाही म्हणाला असतास, म्हणून नाही विचारलं. लॉज पहिल्यांदा गच्च भरणार होतं रे.

भाऊ : (पुढचा नट फिरवत) भरलं ना एकदाचं.

ताई : तुझी पेटी जपून ठेवलीय मी. परत लाव.

भाऊ : एकटी पेटी काय कामाची? बाकीच्या मी भंगारात घातल्या. मग पोटासाठी यांचाच शर्ट चढवला.

ताई : सूनबाईची नोकरी नेटवर. नेट आहे म्हणून तर ती आणि मुलगा दोघं इथं राहायला आली. आता नातीला घेऊन शहरात निघालीत. खाली बांधाबांध चाललीय.

भाऊ : तिकडे चांगलं मिळेल. तिकडे गिऱ्हाइकासाठी चार कंपन्या भांडतात.

ताई : तू समजाव ना त्यांना. मामाचं ऐकतात.

भाऊ : कोणत्या तोंडानं समजावू? माझीही बदली तिकडेच झालीय.

ताई : तुझी? आणि हे आत्ता सांगतोस?

भाऊ : तुझ्यावर राग होता. अजून आहे.

ताई : राग धर. हवा तेवढा धर. पण सगळेच गेलात तर या रिकाम्या खोल्यांत मी काय करू?

भाऊ : हे सगळं उतरवायला संध्याकाळ होईल, ताई. तोवर बस इथं.