आवाज बंद करून पाहिलेली चर्चा

काल टीव्हीवर सगळे पक्षनेते निवडणुकीसाठी भांडले, आणि आज सकाळी वेल्समधल्या रेक्सम गावाच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

“पाहिलीस का गं चर्चा, ग्लेनिस?”

“पाहिली बाई, पण आवाज बंद करून. आमचा आयव्हर जन्माचा मजूर पक्षवाला, मी हुजूर पक्षवाली. आवाज असला की आमचीच जुंपते.”

“मग तुला कळलं काय, कपाळ?”

“सगळं कळलं, बेरिल. पुढचे नेते नुसते एकमेकांवर बोटं रोखत होते. पण कोपऱ्यातली ती काळ्या कपड्यांतली बाई! दोन्ही हातांनी काय तळमळून बोलत होती! आयव्हरसुद्धा म्हणाला, मत द्यायचं तर हिलाच.”

“अगं, ती उमेदवार नाही! ऐकू न येणाऱ्यांना सगळ्यांचं बोलणं खुणांनी सांगते ती.”

“सगळ्यांचं? एकटी?”

“एकटी.”

“बघ, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घेणारी तेवढी एकच होती.”

“आता आयव्हरला काय सांगशील?”

“काही नाही. आणि तूही तोंड उघडू नकोस. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं एकमत झालंय, गुरुवारी मतदान होईपर्यंत तरी टिकू दे.”