ओल्या फडक्याखालचा मुखडा

मंडळी, एवढ्या उनाचं तुमी समदी तात्यांच्या अंगणात जमलाय. मला बोल म्हणून उभं केलंय. मी शेवंता. सुरेशची आई. तात्या गेलं, त्याला आज बारा दिस झालं.

तात्या कोण हुतं, त्ये तुमास्नी म्या काय सांगावं? ह्या शिराळ्यात घरोघरी भिंतीव त्येंच्या लाकडी ठशाचं चित्र हाय. आन् फौजेतनं परत न आलेल्या पोरांचं पुतळं गावोगाव हायती, त्येबी त्येंच्याच हातचं.

माजा सुरेशबी परत आला न्हाई. तात्यांनी आदी त्येचं चित्र कोरलं. लाकडाव शाई लावून कागदाव दाबलं. मी बघितलं आन् म्हणले, "तात्या, ह्यो माजा न्हाई. माज्याचा तीळ उजव्या गालाव हुता."

तात्यांनी कपाळाव हात मारला. "आवं वैनी, ठसा उलटा उमटतोय, म्हणून उलटंच कोराय लागतं. जलम गेला ह्यात. खरं फोटूतल्या पोराच्या त्वांडाकडं बघता बघता इसरलो बगा."

तवापासनं त्येंनी नेमच केला. मातीचा मुखडा कराय घेतला, आन् दर गुरुवारी मला बलवायचं. वरचं ओलं फडकं काढायचं. म्हणायचं, "वैनी, हात लावून सांगा. आईच्या हाताला कळतंय."

मी हात लावायची. गार माती. खरं गाल त्येचाच हुता, मंडळी. त्येचाच.

आन् मी म्हणायची, नाक जरा बसकं पायजे. तात्या नाक बदलायचं. फुडल्या गुरुवारी म्हणायची, आता लय बसकं झालं. का म्हणून? सांगते. आज लपवत न्हाई. मुखडा पुरा झाला की साच्याला जाणार. मग धातूचा हुणार, शाळंफुडं चौथऱ्याव चढणार. हार घालाय माणसं येतील. मला गाल कुरवाळाय कोण दील?

तात्यांनी एकदाबी त्वांड वाकडं केलं न्हाई. "बरं वैनी," म्हणायचं, आन् परत माती लावायचं. धाप लागायची त्येंना. मला दिसत हुतं. दिसत हुतं, तरीबी म्हणले, नाक न्हाई जमलं.

परवा अक्कांनी, तात्यांच्या मालकिणीनं, मला जवळ बसवलं. म्हणल्या, "शेवंता, त्येंला ठावं हुतं गं. म्हणायचं, नाक कवाच जमलंय. खरं त्या माउलीचं मन भरलं न्हाई. येऊ दे तिला."

आता कान ऱ्हायल्यात. दोन्ही. कोण करणार? सांगलीचं एक मास्तर म्हणत्यात, मी करतो. चांगलं हायती, खरं त्येंनी सुरेशला कवा बघितलंय? मी रोज येते, फडक्याव पाणी मारते. न्हाई मारलं तर चिरा पडत्यात. किती दिस मारू? मला कायबी कळंना झालंय. पोराला वाचवाय माजा हात पोचला न्हाई. आन् तात्यांस्नी तर म्याच दमवलं.

आता समदी उभी ऱ्हावा. तात्यांसाठी वाईच गप्प ऱ्हाऊया. खरं त्येच्या आदी मला येकच सांगायचंय त्येंना.

तात्या, नाक बरोबर हुतं. पयल्याच गुरुवारी बरोबर हुतं.