कापसाचा गोळा

दादा : आणि चित्रात या कोळ्याच्या पोटामागे हे पांढरं काय काढलंयस?

धाकटी : कापूस.

दादा : कापूस? अगं, ग्रंथ कोळ्यांवरचा आहे, गाद्यांवरचा नाही.

धाकटी : तूच म्हणतोस ना, दादा, दिसेल तसं काढ, पदरचं काही घालू नकोस.

दादा : मी अंड्यांची पिशवी काढून घ्यायला सांगितलं होतं. धागा निघतो ती जागा चित्रात दिसावी म्हणून.

धाकटी : घेतली ना, चिमट्यानं. सोडतच नव्हती ती मादी. पिशवी तू नेलीस आणि आत काय आहे ते बघायला कापलीस. ही मात्र वाटीच्या कडा चाचपत फिरत राहिली. ब्रश पुसायचा कापूस आत पडला होता, तो तिनं उचलला आणि मागे लावून घेतला. बघ.

(ती काचेची वाटी भिंगाखाली सरकवते.)

दादा : खरंच की. घट्ट धरलाय.

धाकटी : तेव्हापासून खाली ठेवलेला नाही.

दादा : ते असू दे. उद्या तांब्याचा पत्रा कोरणारा येईल. असं चित्र छापलं तर चार विद्वानांत हसं होईल माझं. तेवढा कापूस खोड.

धाकटी : नाही खोडणार. हवं तर चित्रच घेऊ नकोस.

दादा : एका किड्यापायी एवढा हट्ट? बिचारीला काय कळतंय? अंडी कुठली न् कापूस कुठला.

धाकटी : मी दुपट्यात उशी गुंडाळून बसायचे, तेव्हा वहिनीला हेच म्हणाला होतास. ऐकलं मी दाराआडून.

दादा : तो विषय नको.

धाकटी : माझं बाळ गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी वाक्य पुरं करत नाही. आज मला करू दे. ती उशीच आहे हे मला कळत होतं, दादा. पहिल्या दिवसापासून. पण रिकाम्या हातांनी राहवत नव्हतं.

दादा : मला वाटलं, तू हातची जातेस. डॉक्टरही म्हणाले, उशी काढून घ्या.

धाकटी : माहीत आहे.

दादा : राहू दे कापूस. खाली तसंच लिहू, पिशवी काढून घेतल्यावर मादीने कापूस उचलला.

धाकटी : कुणी काढून घेतली, तेही लिही.

दादा : लिहितो. पण कळत होतं, तर मी उशी ओढून घेतली तेव्हा बोलली का नाहीस? जरा भांडली असतीस तर परत दिली असती मी.

धाकटी : कशी भांडणार? तू रडत होतास.