गाडीवरची हाक

डोणगावची बस यायला वेळ होता. मेहकरच्या स्थानकावर संजीवनी डोळे मिटून बसली होती. मागच्या बाकड्यावर मायलेकी बोलत होत्या.

"आई, बाबा गेल्यापासून भज्याची गाडी झाकलेलीच हाय. मले सपनात दिसली. निळी, वर दिव्याची माळ, अन् पाटीवर 'व्हेज हॉट डॉग'."

"कुत्र्याचं नाव वाचून कोण फिरकन वं?"

"लांब पाव, त्यात बटाट्याचा रोल, वरून आपला ठेचा. लोणारहून लोक येतीन!"

"त्याईले सांगन कोण?"

"गाडीवर भोंगा हाय ना. त्यात माही हाक भरू. बाजारभर घुमन."

"त्यात तुह्या बाबाची हाक हाय."

"एकच मावते त्यात. नवी भरली का जुनी पुसते."

मग मुलीनेच तोडगा काढला.

"जुनी मोबाइलात ठेवू. तू घरी ऐकत जाय."

"घरी कधी हाक मारली त्याईनं? बाजारातच मारत. काय म्हणत व्हते, म्हण बरं."

"'या हो या, भजे गरम, मिरची नरम!'"

"मिरची कधीच नरम नोयती त्याईची."

दोघी हसल्या. संजीवनीने डोळे उघडले नाहीत.

"मंग काय करू, आई?"

"त्याईचीच वाजू दे."

"हाक भज्याची अन् गाडीवर हॉट डॉग? लोक हसतीन ना!"

"तू तुह्यं वीक. बाजूले मी कढई घेऊन बसतो. त्याईनं बोलावलेलं माणूस भजे खाल्ल्याबिगर काऊन जाईन?"